आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचं का?

ताई नमस्कार,
मी कराडची, ३४ वर्षांची, तुम्ही मला अगं-तुगं केलं तरी चालेल. दोन वर्षं झाली, सासूबाई आणि मी मिळून कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी आणि मेतकूट करून विकतो. मिरची ब्याडगी आणि संकेश्वरी, मसाला डंकावर कुटून आणतो. इन्स्टावर २,८०० फॉलोअर आहेत, व्हॉट्सॲपवर साडेतीनशे-चारशे गिऱ्हाईक, महिन्याला ६०-७० पार्सल जातात पण त्यात बहुतेक मसालाच, मेतकूट (४८० रुपये किलो) पडून राहतं. गेल्या तीन महिन्यांत पोस्ट बूस्ट करण्यावर ९,००० रुपये घातले, लाइक भरपूर आले, ऑर्डर मोजून अकरा.

आता दोघींचे मेसेज आलेत. एक रीलवाली आहे, ६० हजाराच्या वर फॉलोअर, म्हणते ५,००० रुपये आणि सगळ्या प्रॉडक्टचा एक सेट द्या, मी कोलॅब करते. दुसऱ्या आजऱ्याच्या ताई, घनसाळ तांदूळ विकतात, फॉलोअर माझ्याहून कमी. त्या म्हणतात पैसे नकोत, तुम्ही माझं तुमच्या गिऱ्हाइकांना सांगा, मी तुमचं माझ्या गिऱ्हाइकांना सांगते, हवं तर नंबरांची लिस्टच एकमेकींना देऊ. सासूबाई म्हणतात, कष्टानं जमवलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात नेऊन कशाला सोडायचं. नवरा म्हणतो, फॉलोअर जास्त आहेत तिच्याशी कर. मी काय करू? आणि करायचं म्हणजे नक्की काय करायचं, नुसती स्टोरी टाकायची का?
— मसालेवाली, कराड

अगं मसालेवाली,

तुझं पत्र वाचलं आणि पहिलं काय केलं असेल तर ९,००० ला ११ ने भागलं. ८१८ रुपये. एक ऑर्डर आणायला तू ८१८ रुपये दिलेस, आणि ती ऑर्डर बहुतेक अर्ध्या किलो मसाल्याची असणार. हा आकडा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मिक्सरच्या वर चिकटव, आपल्याला तो पुढे लागणार आहे.

आधी सासूबाईंचं घेते, कारण तुझ्या पत्रातला सगळ्यात खरा प्रश्न त्यांचाच आहे आणि त्यांना गप्प करून हे काम होणार नाही, डंकावर त्याच बसतात ना शेवटी. त्यांना मंगल कार्यालयाची आठवण करून दे. आपल्याकडे लग्न ठरलं की माणूस पहिलं कार्यालय बघायला जातो, तिथला मॅनेजर आचाऱ्याचं नाव सुचवतो, आचारी मांडववाल्याचं, मांडववाला सनई-चौघड्याचं, आणि भटजींकडे तर मेंदीवालीपासून घोडेवाल्यापर्यंत सगळ्यांचे नंबर असतात. कुणी कुणाचं गिऱ्हाईक पळवत नाही कारण घोडेवाला काही जेवण वाढत नाही. आणि कालनिर्णय बघ, १९७३ पासून घराघरात, वरती आपल्या दुकानाचं नाव छापून दुकानदार वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला फुकट देतात, दुकानदाराची जाहिरात वर्षभर भिंतीवर आणि कालनिर्णयचं एक घर वाढलं. हे असं एकमेकांचं काम वाढवणं आपण कधीचं करतोय, कोलॅब हा शब्द तेवढा नवा.

त्यामुळे सासूबाईंची भीती चूक नाही, फक्त ती तांदळाला लागू नाही. माझी स्वतःची एक कसोटी आहे, दोघींच्या वस्तू एकाच ताटात येतात का आणि एकीची वस्तू घेतल्यानं दुसरीची लागेनाशी होते का. पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही आलं तर बिनधास्त पुढे जायचं. तांदूळ घेतला म्हणून कुणी मसाला घ्यायचं थांबत नाही. उद्या साताऱ्याची दुसरी कांदा-लसूण मसालेवाली आली आणि म्हणाली एकमेकींचं सांगूया, तर तिला गोड बोलून नाही सांग. (पुण्याची गोडा मसाला करणारी कुणी आली तर मात्र बसून बोल, कारण तुझ्याकडे रोज कुणीतरी गोडा मसाला आहे का विचारत असणार आणि तू नाही म्हणून फोन ठेवत असणार, तिच्याकडे उलट. अशी नाही म्हटलेली गिऱ्हाइकं एकमेकींकडे पाठवण्यात दोघींचं काहीच जात नाही.)

आता रीलवाली. तुझ्या नवऱ्याला नमस्कार सांग आणि हेही सांग की ती कोलॅब नाही, ती जाहिरात आहे. तू पैसे देणार, ती दाखवणार, तिच्या घरातलं काहीच पणाला लागत नाही. जाहिरात करणं पाप नाही, पण मग तिला जाहिरातीचेच प्रश्न विचार, तुझे फॉलोअर कुठल्या शहरातले, शेवटच्या पाच रीलखाली कमेंट कुणाच्या, त्यात मराठी किती, आधी कुणा घरगुती खाण्याच्या वस्तूवाल्याचं केलं असेल तर त्यांच्याशी बोलू का. शेवटच्या प्रश्नाला जी टाळाटाळ करेल तिला पैसे द्यायचे नाहीत. आणि एक गोष्ट खूप जणींना माहीत नसते, पैसे घेऊन किंवा नुसती वस्तू फुकट घेऊन जरी कुणी कौतुक केलं तरी ते तसं आहे हे स्पष्ट लिहावं लागतं. जाहिरात क्षेत्राच्या ॲस्की या संस्थेनं २०२१ मध्ये तसे नियम काढले आणि केंद्राच्या ग्राहक विभागानं जानेवारी २०२३ मध्ये त्याची सोप्या भाषेतली गाइड पण काढली. ती म्हणाली की पेड असं लिहिलं तर लोक बघत नाहीत म्हणून आपण लिहायचं नाही, तर तिथेच हात जोड.

मोठ्या आकड्याच्या मागे लागून मी स्वतः तोंडावर आपटलेय म्हणून जरा रागानं लिहितेय. मी गोधड्या विकते, जुन्या साड्यांच्या, हाताच्या टाक्याच्या. तीन-चार वर्षांपूर्वी एका सेंटेड मेणबत्त्या करणारीनं विचारलं, तिचे चाळीस हजार फॉलोअर होते आणि माझे दीड हजार, मी इतकी हरखले की काही विचारलंच नाही. गिव्हअवे ठरलं, दोघींना फॉलो करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, एकीला गोधडी आणि मेणबत्त्यांचा सेट. आठवड्यात माझे हजारावर फॉलोअर वाढले, घरात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. त्यातून ऑर्डर आल्या शून्य. नंतर बघितलं तर त्यातली निम्मी खाती दिवसभर फक्त गिव्हअवेच खेळणारी, एकीला तर गोधडी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, तिनं विचारलं हे बेडशीट आहे का. वर जिला बक्षीस लागलं तिला माझी गोधडी पोचली आणि मेणबत्त्या महिनाभर पोचल्याच नाहीत, आणि ती बिचारी येऊन माझ्याच पेजवर ओरडायला लागली, कारण मी उत्तरं देत होते आणि दुसरी देत नव्हती. शेवटी मी माझ्या पैशांनी बाजारातून मेणबत्त्या घेऊन पाठवल्या. महिन्याभरात फॉलोअर पण गळून गेले. गोधडी आणि मेणबत्तीचा काय संबंध हा प्रश्न माझ्या आईनं पहिल्या दिवशी विचारला होता, तेव्हा मी तिला म्हटलं होतं तुला इन्स्टाचं कळत नाही.

त्यानंतर जे जमलं ते अगदी साधं होतं. एक काकू रिठा-शिकेकाईची पावडर विकतात, त्यांचे फॉलोअर किती हे मला आजही सांगता येणार नाही. सुती गोधडी कशी धुवायची हा प्रश्न मला प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, मग मी गोधडीच्या घडीत त्यांच्या रिठा पावडरची एक धुण्यापुरती पुडी घालायला लागले, आणि त्या त्यांच्या पार्सलमध्ये माझं कार्ड घालतात. गिऱ्हाइकाला पुडी जाहिरात वाटतच नाही, त्यांना वाटतं बाईनं आठवणीनं दिलीय. आणि मी खरंच आठवणीनंच देते.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर, आजऱ्याच्या ताईंशी कर. पण त्या म्हणतात तसं नको, जरा वेगळं कर.

तू बहुतेक मनात धरलं असशील की त्यांच्या तांदळाबरोबर मसाल्याचा नमुना पाठवायचा. मसाला नको. मेतकूट पाठव! घनसाळ हा वासाचा तांदूळ, २०१६ मध्ये त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तो घेणारं गिऱ्हाईक त्याच्या वासासाठीच घेतं, त्यावर कांदा-लसणाचा झणका ओतला तर तांदळाची चव कुठे कळणार. आणि मऊ भात, साजूक तूप, वर मेतकूट, हे तर मराठी माणसाला समजावून सांगावंच लागत नाही, ज्याच्या हातात घनसाळची पिशवी आहे त्याच्या डोक्यात मऊ भात आधीच शिजतोय, तू फक्त त्याच्या पानात वरून मेतकूट पेरतेयस. तुझं मेतकूट पडून राहतं कारण तुझ्याकडे येणारं गिऱ्हाईक तिखटाचं आहे, रस्सा आणि आख्खा मसूर करणारं. मेतकुटाचं गिऱ्हाईक आजऱ्याच्या ताईंकडे बसलंय.

हिशोब बघ. २५ ग्रॅमची पुडी, तुझ्या विकायच्या भावानं धरली तरी १२ रुपयांची, पाऊच आणि छोटं कार्ड मिळून ४ रुपये धर, म्हणजे १६. पन्नास पुड्यांचे ८०० रुपये. मिक्सरवरचा आकडा आठव, बूस्ट करून जेवढ्यात एक ऑर्डर आली तेवढ्यात पन्नास घरांत तुझं मेतकूट जाऊन भातावर पडेल, आणि पोचवायचा खर्च शून्य कारण दोन किलो तांदळाच्या पार्सलला २५ ग्रॅमनी काही फरक पडत नाही. तू फक्त पन्नास पुड्यांचा एक गठ्ठा कराडहून आजऱ्याला पाठवायचा.

एक जपून कर. मेतकुटात हिंग असतो आणि तांदूळ वास ओढून घेतो. पुडी तांदळाच्या पिशवीच्या आत अजिबात टाकायची नाही, जाड सील केलेला पाऊच, तो परत एका झिपवाल्या पिशवीत, आणि पार्सलच्या खोक्यात बाहेरच्या बाजूला. दोन किलो घनसाळला हिंगाचा वास लागला तर त्या ताई पुन्हा तुझा फोन उचलणार नाहीत आणि बरोबरच करतील. आणि नमुना आहे म्हणून लेबल कशाला असं करू नकोस, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर, बनवल्याची आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, वजन, हिरवा ठिपका, सगळं त्या छोट्या पुडीवर पण टाक. त्यांचाही नंबर मागून घे, एफएसएसएआयच्या फॉसकॉस या साइटवर टाकून बघता येतो, यात लाजायचं कारण नाही, त्यांनी तुझा मागितला तर उलट आनंद मान. कार्डावर पचनाला रामबाण, प्रतिकारशक्ती वाढवणारं असलं काही छापू नकोस, खायच्या वस्तूला औषध म्हणून विकता येत नाही. कार्डावर कृती लिही, एक वाटी तांदूळ, चार-साडेचार वाट्या पाणी, मीठ, मऊ होईपर्यंत शिजव, तूप, मेतकूट, बास.

आता उलट दिशेनं, म्हणजे तुझ्या पार्सलमध्ये त्यांचं काय जाणार. इथे दोघींनी सारखंच करायचं म्हणून हट्ट धरला की गडबड होते, कारण तांदूळ जड. तुझा कुरिअरवाला बहुतेक ५०० ग्रॅमच्या टप्प्यांनी पैसे लावत असेल. पाव किलो मसाला आणि थोडं मेतकूट असं पार्सल खोक्यासकट ४५० ग्रॅमपर्यंत जातं, त्यात वाटीभर तांदूळ टाकलास की पुढच्या टप्प्याचे पैसे पडले. पण अर्धा किलो मसाल्याचं पार्सल खोकं धरून साडेपाचशे-सहाशे होतंच, म्हणजे एक किलोचे पैसे तू आधीच भरतेयस आणि चारशे-साडेचारशे ग्रॅमची जागा रिकामी हिंडतेय. त्या पार्सलांमध्ये दीडशे ग्रॅम घनसाळ घाल, दोन माणसांचा मऊ भात होतो, बाकीच्यांत नुसतं कार्ड. फक्त खोकं मोठं करू नकोस, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये आणि भागिले ५,००० असं पण वजन काढतात बरेच कुरिअरवाले, आणि जे जास्त येईल ते लावतात.

नंबरांची लिस्ट द्यायची नाही. घ्यायची पण नाही. त्या ताईंच्या मनात वाईट काही नसेल, गावाकडे आपण सहज देतो नंबर, पण तुझ्या गिऱ्हाइकानं नंबर मसाल्यासाठी दिलाय, उद्या त्यांना अनोळखी नंबरवरून तांदळाचा मेसेज आला तर ते ब्लॉक त्यांना करतील आणि राग तुझा धरतील. शिवाय २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा पण झालाय, लोकांची माहिती त्यांना न विचारता इकडे-तिकडे वाटायची नाही हाच त्याचा गाभा. त्यापेक्षा त्यांचा मेसेज तू तुझ्या नंबरवरून, तुझ्या शब्दांत पाठव, तुझा त्या पाठवतील. तसंही अनोळखी नंबरांची लिस्ट ब्रॉडकास्टला, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना पाठवायला, काही कामाची नाही, ब्रॉडकास्ट त्यालाच पोचतं ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय, आणि एका लिस्टमध्ये २५६ माणसंच बसतात, तुझे चारशे गिऱ्हाईक म्हणजे दोन लिस्ट झाल्या. आधी नंबर सेव्ह करा असं पार्सलवर लिहायला लाग, हे कोलॅब करो न करो, आजपासून.

आणि मेसेज पाठवायच्या आधी दोन किलो तांदूळ पैसे देऊन मागव. फुकट नको, पैसे देऊन, म्हणजे गिऱ्हाइकाला कसं पॅकिंग येतं, किती दिवसांत येतं, खडे आहेत का ते कळतं. नावाजलेल्या तांदळाच्या नावावर दुसराच गळ्यात मारला जाण्याची शंका गिऱ्हाईक घेतंच, तर शेत कुठलं, गिरणी कुठली, यंदाचा आहे का जुना, विचारून ठेव, तुलाच विचारणार आहेत सगळे. घरात चार दिवस शिजव. सासूबाईंना आवडला तर त्यांनाच व्हॉइस मेसेज करायला सांग, खरंच सांगते, त्यांच्या आवाजात "आमच्याकडं आता ह्योच भात असतोय" एवढं जरी गेलं तरी तुझ्या दहा स्टोऱ्यांपेक्षा भारी. नाही आवडला तर विषय संपला, कुणाच्याही मैत्रीखातर चारशे घरांना खोटं सांगायचं नाही. पाहुणा जेवायला आला तर मी हे त्याला वाढीन का, एवढंच बघ.

इन्स्टाचं पण करा, मी नको म्हणत नाही. त्यात कोलॅब पोस्ट असते ना, २०२१ पासून आहे, तू पोस्ट टाकताना त्यांना बोलवायचं, त्यांनी स्वीकारलं की एकच पोस्ट दोघींच्या पेजवर दिसते, लाइक-कमेंट एकत्र. स्टोरी चोवीस तासांत उडते म्हणून ती हायलाइटला लावून ठेवायची, म्हणजे पेजवर राहते. पोस्टमध्ये काय, तर सासूबाईंचे हात, वाफाळता भात, तूप, वरून मेतकूट, तीस सेकंद, गाणं नाही लावलं तरी चालेल. खाली सरळ लिहा, "आम्ही दोघी एकमेकींची वस्तू वापरतो म्हणून एकमेकींचं सांगतोय, पैसे घेतलेले नाहीत, नमुने एकमेकींना दिलेत." हे लिहिल्यानं काही कमी होत नाही. आणि कमेंटला दोघींनी उत्तरं द्यायची, कोण कधी देणार ते आधी ठरवून, मेणबत्तीवालीसारखं नको.

डिस्काउंटची घाई करू नकोस. लोकांना वाटतं कोलॅब म्हणजे कूपन कोड. नवं गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी वीस टक्के कमी भावात आलं की पुढच्या वेळी पूर्ण भाव त्याला महाग वाटतो. त्यापेक्षा एक शब्द ठेवा. तुझ्या पुडीच्या कार्डावर लिही, ऑर्डर करताना "मऊ भात" असं लिहा, चटणीची एक पुडी आमच्याकडून. व्हॉट्सॲपवर कुणी "मऊ भात" लिहिलं की तुला कळलं हे आजऱ्याहून आलेलं गिऱ्हाईक. वहीत वेगळं पान कर. लाइक मोजू नकोस, त्या पानावरची नावं मोज, आणि त्यातली किती जणं दुसऱ्यांदा आली ते मोज. पहिल्यांदा माणूस कुतूहलानं पण येतो. मेतकूट लोक काही आठवड्यात संपवत नाहीत त्यामुळे दोन-अडीच महिने धीर धर, पंधरा दिवसांत काही झालं नाही म्हणून फोन करून भांडू नकोस.

पैशांच्या गोष्टी तोंडी ठेवायच्या नाहीत. स्टँपपेपर नको पण एक मेसेज हवा. मी असा पाठवते, तुझ्या भाषेत बदलून घे:

"ताई, आपलं बोलणं झालं ते एकदा लिहून ठेवते म्हणजे दोघींच्या लक्षात राहील. मी मेतकुटाच्या २५ ग्रॅमच्या ५० पुड्या १० तारखेपर्यंत पाठवते, त्या तुम्ही पुढच्या ५० पार्सलांत घालाल. तुमचे दीडशे ग्रॅमचे ३० नमुने आणि ५० कार्डं मला येतील, ती मी माझ्या पार्सलांत घालीन. नमुन्याचा आणि पाठवायचा खर्च ज्याचा त्याचा. व्हॉट्सॲपवर एकमेकींचा एकेकच मेसेज, मी शनिवारी, तुम्ही रविवारी. गिऱ्हाइकांचे नंबर कुणी कुणाला द्यायचे नाहीत. माझ्या मालाची तक्रार आली तर मला लगेच कळवा, मी बदलून देईन, तुमच्या मालाची तुम्ही. कमिशन कुणी कुणाला नाही. दोन महिन्यांनी हिशोब बघून पुढे चालू ठेवायचं का ठरवू, थांबवलं तर मनात काही धरायचं नाही. चालेल ना?"

शनिवार-रविवार वार घालून लिही. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. रिठावाल्या काकूंना मी एकदा शुक्रवारी टाकते म्हणाले आणि घरात पाहुणे आले म्हणून सोमवारी टाकलं, त्यांनी शनिवारसाठी जास्तीची शंभर पाकिटं भरून ठेवली होती. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढचे दोन महिने मला "अहो" करत होत्या.

दोन महिन्यांनी वहीचं पान भरलेलं दिसलं तर मग एकत्र किट काढायचा विचार कर, घनसाळ एक किलो आणि मेतकूट पाव किलो, संक्रांतीच्या सुमाराला. दिवाळीनंतर त्यांचा नवा तांदूळ आलेला असतो आणि संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवं चालू असतात, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे देऊन बायका स्वतःच कंटाळल्यात, त्यात मेतकुटाच्या छोट्या पाकिटाची पंचवीस-पंचवीसची ऑर्डर सहज निघते. पण किट काढलंस तर ते एकीचंच असू दे. म्हणजे तू त्यांच्याकडून तांदूळ होलसेलनं विकत घे, बिल घे, आणि किट तुझं म्हणून वीक, किंवा उलट. खोकं दोघींचं आणि पैसे अर्धे-अर्धे असलं की पार्सल फुटल्यावर भरपाई कुणी द्यायची यावर मैत्री फुटते. जीएसटी नंबर कुणा एकीचा असेल तर सीएला एकदा विचारा, वेगवेगळ्या दराच्या वस्तू एकाच किमतीत बांधून विकल्या तर सगळ्या किटला त्यातला वरचा दर लागतो, तांदूळ-मेतकुटाला फारसा प्रश्न येणार नाही पण उद्या हौसेनं त्यात आणखी काहीबाही घालशील.

एप्रिल-मेमध्ये मात्र हे सगळं बाजूला ठेव, तेव्हा तुझा वर्षाच्या मसाल्याचा सीझन, तेव्हा दुसऱ्याचं सांगायला तुला श्वास घ्यायला वेळ नसतो. त्या दिवसांत तुझ्या मसाल्याला जोडीदार हवा असेल तर पुण्यात डबे करणाऱ्या एखाद्या काकू बघ. कराड-सांगली-कोल्हापूरची किती पोरं तिकडे पेइंग गेस्ट म्हणून राहतात आणि गुळचट भाज्या खाऊन वैतागतात. आठवड्यातून एक दिवस काकूंनी तुझ्या मसाल्याचा आख्खा मसूर करायचा आणि डब्यावर तुझं स्टिकर, मसाला तू द्यायचा. पोरं मसाला विकत घेणार नाहीत, पण आईला फोन करून सांगतात, आणि आया घेतात.

रीलवालीला काय कळवायचं विचारलं नाहीस पण सांगते, "आत्ता बजेट नाही, पुढे बघू" एवढंच. कारणं देत बसलीस तर ती ३,००० वर येईल आणि तू भिडस्त दिसतेस.

तांदूळ मागवलास की कसा निघाला ते कळव, आणि मेतकूट मला अर्धा किलो पाठव, पत्ता मेलमध्ये टाकलाय, कुरिअरसकट किती होतात ते सांग, पैसे आधी पाठवते.